पाच मिनिटांचा हिशेब

डेटाबेस वाढू लागला की नव्या सर्व्हरच्या कोटेशनमध्ये सगळ्यात आधी टेराबाइट येतात. डेटा दोन टेराबाइटचा झाला, मग चारची डिस्क घ्या. जागा लागतेच, पण मशीन चालेल की रडेल हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते ठरतं कुठला डेटा किती वेळा लागतो यावर.

हे पैशांत मांडलं जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी, 1987 मध्ये. सेकंदाला एकदा डिस्कवरून वाचण्याची सोय करायची, तर त्या वेळी सगळा खर्च धरून सुमारे 2,000 डॉलर पडत. मेमरीचा एक किलोबाइट पडे 5 डॉलरला. आता एक किलोबाइटची नोंद घ्या. ती दर सेकंदाला लागत असेल, तर 5 डॉलरच्या मेमरीत 2,000 डॉलरचं डिस्कचं काम वाचतं. दहा सेकंदांतून एकदा लागली तर 200 वाचतात. 400 सेकंदांतून एकदा लागली तर वाचतात नेमके 5, फिट्टंफाट. त्याहून क्वचित लागणारी नोंद डिस्कवरच बरी. 400 सेकंदांची त्यांनी ढोबळ पाच मिनिटं केली, आणि तेच नियमाचं नाव झालं.

पुढे किमती कोसळल्या, फ्लॅश आलं, आकडे जुने झाले. रीत मात्र आजही कामाची आहे. एखाद्या पतसंस्थेकडे पंधरा वर्षांच्या नोंदी असतात, पण काउंटरवर दिवसभर उघडतात ती चालू खाती, अलीकडचे व्यवहार आणि त्यांचे इंडेक्स. एवढं मेमरीत मावलं की बाकीचा डेटा दुप्पट झाला तरी काउंटरला पत्ता लागत नाही. उलट डेटा तेवढाच असताना सभासदांसाठी मोबाइल ॲप सुरू झालं, की इतके दिवस निजलेली खाती रोज उघडू लागतात आणि मेमरी अपुरी पडते. माझ्या मते डिस्कचा आकार आणि कोअरची संख्या ठरवण्याआधी हा सतत लागणारा भाग मोजावा. पोस्टग्रेस डेटाबेस आपल्या मेमरीत सापडलेल्या पानांचा 'ब्लॉक्स हिट' आणि बाहेरून मागवलेल्या पानांचा 'ब्लॉक्स रीड' असे आकडे ठेवतो. मात्र 'रीड' मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नये. त्यातली बरीच पानं लिनक्सने आपल्याच मेमरीतून पुरवलेली असू शकतात. डिस्क खरोखर किती राबते ते लिनक्सच्या आयओस्टॅट या टूलवर दिसतं.

हा सगळा हिशेब वाचण्याचा झाला. लिहिताना मेमरीची सवलत मिळत नाही, कारण कमिटचा लॉग पक्का लिहिला गेल्याशिवाय डेटाबेस होकार देत नाही. इथे एसएसडीवरचे कपॅसिटर बघायचे. वीज गेली तरी हातातलं लिहून संपवण्यापुरता चार्ज त्यांच्यात असतो, त्यामुळे नोंद आतल्या मेमरीत पोचताच अशी एसएसडी बिनधास्त होकार देते. कपॅसिटर नसतील तर प्रत्येक कमिटला फ्लॅशपर्यंत हेलपाटा. खोक्यावरचा सेकंदाला लाखो आयओचा आकडा दोन्हींवर सारखाच असू शकतो; म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' ही ओळ आहे का, ते आधी शोधावं.