देहाची राखण

माउली हो, आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी मुक्कामाला येते. कारखान्यांच्या मुलखात टाळमृदंग घुमतो. २०२० साली मात्र पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या आणि म्हातारी मंडळी उंबऱ्याच्या आत राहिली. त्या साथीत सर्वांत मोठे भय त्यांनाच होते. का बरे?

आपल्या छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी आहे. रोगाशी झुंजणारे रक्तातले काही शिपाई तिथे तयार होतात. तारुण्यापासूनच ती आक्रसत जाते. म्हणून उतारवयात नवे शिपाई थोडे आणि जुने थकलेले. साधा खोकला छातीत उतरतो तो असा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन होऊ लागले, केवढा उपकार! पण फ्लू-कोरोनाच्या विषाणूपुढे पेनिसिलीन चालत नाही. तिथे झुंज देहालाच द्यावी लागते.

कोणी म्हणेल, "महाराज, देह नाशिवंत, त्याचे कौतुक कशाला?" अरे बाबा, वीणाही नाशिवंतच; म्हणून ती कोणी पावसात टाकतो काय?

मला काळजी वाटते ती एकट्या ताटाची. मुलगा चाकणला पाळीवर, सून कामावर, आणि आजी दुपारी चहात खारी बुडवून भागवते. वर म्हणते, "मला काय लागतंय आता!" लागतंय, आजी, चांगलं लागतंय. उपाशी शिपाई लढणार कसा? डाळ, मटकीची उसळ, दूध-दही रोज पोटात गेले पाहिजे. एकादशी जरूर धरा. पण मधुमेहाची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तुळशीचा काढा घ्या, माझी ना नाही. मात्र 'शक्ती वाढवतो' म्हणून विकतात त्या महागड्या बाटल्यांत पेन्शन घालवू नका.

त्यापेक्षा फ्लूची आणि न्यूमोनियाची लस आपल्याला घ्यावी का, ते डॉक्टरांना विचारा. म्हातारपणी लस तरुणांइतकी लागू पडत नाही हे खरे, तरी दुखण्याचा जोर मोडते. तिचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा प्रस्थानाच्या आदल्या दिवशी धावाधाव नको. चालण्याची सवयही महिनाभर आधीच लावा.

आणि भजनी मंडळींनो, रोजचे कोणी दोन दिवस दिसले नाही, तर त्यांच्या दारी जाऊन या. जाताना डब्यात थोडी उसळ न्या, आणि ते जेवेपर्यंत तिथेच बसा.