आहेराची वही

'पैसे जमले की पोर पायावर उभं राहील,' हे वाक्य मोबाइलवर लेकराच्या फोटोखाली वाचले की खटकते. लोकांची दानत खटकत नाही, त्यातला 'की' खटकतो. अडल्यानडल्याला पैसे गोळा करणे गावांना नवे नाही. पण आहेर वेगळा आणि दान वेगळे. आहेर वहीत मांडला जातो, पुढच्या कार्यात फिटतो, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. अनोळखी माणसाच्या दानाची परतफेड करता येत नाही. तिथे बदल्यात लेकराचा चेहरा मांडावा लागतो, आणि ज्याचा फोटो काळीज हलवतो त्याचीच झोळी आधी भरते.

'लेकरू अडलंय आणि तुम्ही शब्द कसले तोलता?' हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वाकडे पाऊल, फाटलेला ओठ, हृदयाचे दोष, सगळे त्यात येते. म्हणजे जे हक्काने मिळायचे, तेच पुष्कळदा हात पसरून मागितले जाते. अर्थात, यादीत नाव असणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे, हे कबूल.

वाकड्या पावलाचेच पाहा. एके काळी त्यावर मोठी शस्त्रक्रिया हाच राजमार्ग मानत. डॉ. इग्नासियो पोन्सेती यांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करण्याची रीत रुजवली. बहुतेकदा शेवटी टाचेच्या शिरेला एक छोटा छेद पुरतो. खरी कसोटी पुढे असते. तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि मग पोर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात. ते सुटले की पाऊल पुन्हा वळू शकते. जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीहून जालन्याला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात प्लास्टरसाठी दर आठवड्याला जायचे, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्या योजनेतून येणार?

म्हणजे पैसे जमवूच नयेत, असे म्हणता म्हणता मी उलट बाजूला आलो. जमवावेत, पण उपचारांसाठी नव्हे. ते सरकारकडे ठणकावून मागावेत. गावाने खेपांचा खर्च उचलावा, फोटो न काढता, वहीत मांडून. ज्याचे पोर चालू लागेल, त्याने पुढच्या पोराच्या नावावर चार पैसे लिहावेत.