ओट्यावरचा बाक

एका तालुक्याच्या गावात जुनं वाचनालय होतं. शासनाच्या यादीत ‘ब’ वर्गाचं. छप्पर फार गळायला लागलं, तेव्हा गावाने वर्गणी काढून नवी इमारत बांधली. ग्रंथपालही नवा आला, तरुण आणि कष्टाळू. त्याने सगळी पुस्तकं विषयवार लावली, काचेच्या कपाटांना कुलपं घातली आणि दारापासून टेबलापर्यंत पाट्या लावल्या. शांतता राखा. पाने दुमडू नका. विचारल्याशिवाय पुस्तकास हात लावू नये.

हळूहळू माणसं येईनाशी झाली. मग त्याने वाचकांसाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. तिथेही आधी नियम टाकले. एका आजोबांनी ‘शुभ सकाळ’ लिहिलं, तर त्यांना सगळ्यांदेखत नियम दाखवला. त्यानंतर ग्रुपवर फक्त ग्रंथपालच बोलत राहिला.

त्या सुमारास तो महाबळेश्वरजवळच्या भिलारला गेला. स्ट्रॉबेरीच्या या गावाला शासनाने 2017 साली पुस्तकांचं गाव केलं. पुस्तकं तिथे लोकांच्या राहत्या घरांतही ठेवलेली आहेत. एका घरात तो शिरला. पुढच्याच खोलीत पुस्तकं उघडी मांडलेली, शेजारी खुर्ची. घरातल्या बाई भाजी निवडत होत्या. ‘‘बसा की. पाणी देऊ?’’ एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. दुपार कलेपर्यंत तो वाचत बसला.

परत आल्यावर त्याने शिपाईमामांना विचारलं, ‘‘मामा, जुन्या जागेत लोक बसायचे कुठे?’’

‘‘ओट्यावर बाक होता ना, साहेब. पेपर तिथेच पडलेला असायचा. चपला काढायच्या आधीच माणूस निम्मा पेपर वाचून काढायचा. मग आत येऊन पुस्तक बदलायचा.’’

‘‘कुठेय तो?’’

‘‘रद्दीच्या खोलीत. नव्या इमारतीला शोभेना.’’

दोघांनी बाक बाहेर काढला. एक पाय हलत होता, त्याला पाचर ठोकली. कपाटांची कुलपं निघाली. पाट्यांतली फक्त वेळेची राहिली. ग्रंथपाल आता आल्यागेल्याला विचारू लागला, ‘‘मागचं पुस्तक कसं वाटलं?’’ ग्रुपवर त्याने आजोबांना विचारलं, नेलेलं प्रवासवर्णन कुठवर आलं? आजोबांनी लांबलचक उत्तर लिहिलं, चुकांसकट. चुका कोणी काढल्या नाहीत. खाली दहावीतल्या मुलीने लिहिलं, ‘‘आजोबा, तुमचं झालं की मला द्या.’’

आपण इथे हवे आहोत की नाही, हे माणसाला उंबऱ्यावरच कळतं. बसायची जागा, उघडं कपाट, मान वर करून विचारलेला एखादा प्रश्न, यांवरून तो ते ओळखतो. फोनमधल्या जागेचंही तसंच.

पुढे काही पुस्तकं हरवली, काहींची पानं दुमडली. कार्यकारी मंडळाने जाब विचारला. ग्रंथपालाने देवघेवीची वही पुढे ठेवली. ती शेवटच्या पानापर्यंत भरली होती. मंडळाने नव्या वहीचा खर्च मंजूर केला आणि सुताराकडे आणखी एक बाक करायला टाकला.