थोरल्याचा गळ

पळसदरीला दोन मित्र होते. नात्याने कुणी नव्हते, पण एकाच आळीत, दोन वर्षांच्या अंतराने वाढले, म्हणून गाव त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणायचं. धाकट्याला मासे धरायला शिकवलं ते थोरल्याने. काठीसाठी कळक कोणता तोडायचा, तंगुसाला गाठ कशी मारायची, गांडूळ गळाला कसं ओवायचं, हे सगळं त्याच्याकडून आलं. मोरपिसाचा देठ पाण्यावर नुसता थरथरला तर थांबायचं आणि आडवा होऊन चालू लागला की काठी उचलायची, हेही त्यानेच सांगितलं. मरळ मासा श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतो, तेव्हा बुडबुडे कुठे फुटतात तिकडे लक्ष ठेवायचं. आणि बारक्या पिल्लांचा तांबूस घोळका वरवर फिरताना दिसला, तर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात, तिथे गळ टाकायचा नाही.

पुढे थोरला माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला. १९१५ साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात गाड्यांचे डबे दुरुस्त होतात. थोरल्याचे हात लोखंडात रमले. गावी येणं गणपतीला आणि शिमग्याला, तेही कर्जतला उतरून खोपोलीची लोकल धरायची आणि दोन दिवसांनी परत फिरायचं. गावचं तळं त्याला गाडीच्या खिडकीतूनच दिसत राहिलं. धाकटा मात्र भातशेतीला चिकटून गावातच राहिला आणि तळ्यावरही जात राहिला.

निवृत्त होऊन थोरला गावी परतला, तेव्हा एका संध्याकाळी धाकट्याच्या ओटीवर येऊन म्हणाला, "अरे, मला परत गळ टाकायला शिकव. सगळं विसरलोय."

हे म्हणायला त्याला किती जड गेलं असेल, ते मला वाटतं बोलून दाखवण्यासारखं नाही. ज्याला आपण शिकवलं त्याच्याचकडे शिकायला जायचं, आणि तेही साठीत.

धाकट्याला आनंद झाला. फेडायची संधी आली, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो थोरल्याला तळ्यावर घेऊन गेला. गांडूळ त्यानेच ओवलं. गळ किती खोल सोडायचा ते त्यानेच ठरवलं, जागा त्यानेच दाखवली. पीस हललं की "आत्ता नको", पुन्हा हललं की "उचल, उचल!" थोरला गोंधळायचा. चाकाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस, पण पीस थरथरलं की घाईने काठी ओढायचा आणि गळ रिकामाच वर यायचा. त्यात तळ्यातले मासेही बदलले होते. त्याच्या लहानपणीची खवली कमी झाली होती आणि चिलापी उदंड. ही जात मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणलेली. ती गांडूळ कुरतडत बसते, पीस नुसतं नाचवते. थोरल्याचा हात जुन्या माशाची वाट पाहत होता.

अशा वेळी धाकटा काठी त्याच्या हातातून घ्यायचा, मासा काढायचा आणि "हा घे तुझा" म्हणून पिशवीत टाकायचा. थोरला हसायचा. घरी कालवण व्हायचं. काही दिवसांनी त्याचा गुडघा दुखू लागला. मग पाहुणे आले. मग तो येईनासाच झाला.

धाकट्याच्या म्हाताऱ्या आईच्या हे ध्यानात आलं. तिने विचारलं, "तो येत का नाही रे?"

"गुडघा दुखतो म्हणतो. पण आई, मी त्याला काही कमी केलं नाही. सगळं हातात दिलं."

"सगळं हातात दिलंस, म्हणूनच येत नाही," आई म्हणाली. "तू सहा वर्षांचा होतास. त्याने तुला शिकवलं तेव्हा तो कुठे बसायचा, आठवतं का?"

धाकट्याला आठवलं. पहिल्या दिवशी सगळं एकदा दाखवून झाल्यावर थोरला लांब बांधाच्या वळणावर जाऊन, पाठ करून बसायचा. धाकट्याच्या तंगुसाचा गुंता व्हायचा, गळ करवंदीच्या जाळीत अडकायचा, एकदा तर काठीच पाण्यात गेली होती. थोरल्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. हाक मारली तरच यायचा.

आई म्हणाली, "ज्याला काहीच येत नाही त्याचा हात धरावा. ज्याला येत होतं आणि सुटलं, त्याला चुकायला जागा द्यावी. त्याचं त्यालाच सापडतं."

दुसऱ्या दिवशी धाकटा थोरल्याच्या दारात गेला. "दादा, तळ्यावर चाललोय. तुला वाटलं तर ये. मी वळणावर बसेन." एवढंच म्हणाला आणि निघाला.

थोरला उशिरा आला आणि लांबच बसला. धाकटा पाठ करून होता. मागून पाण्यात काही पडल्याचे आवाज आले, एक शिवी ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही. वळून बघायचं नाही हे धाकट्याला फार जड गेलं. शिकवणाऱ्याच्या वाट्याला येणारं सगळ्यांत अवघड काम हेच असावं. घाटातून एक मालगाडी वर गेली. तिच्यामागून थोरल्याची हाक आली, "अरे, बघ तर!" हातभर तंगुसाला चिलापी लटकत होती.

त्यानंतर गुडघ्याची तक्रार थांबली. चिलापीची कुरतड वेगळी आणि तिचा खरा घास वेगळा, हे त्याचं त्याने ओळखलं. धाकट्यालाही ते शब्दांत सांगता आलं नसतं.

जून आला. पहिला मोठा पाऊस झाला आणि वलगण सुरू झाली. या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे नदीतून, ओढ्यांतून उलटे वर चढतात आणि भाताच्या खाचरांत अंडी घालायला येतात. लोक बॅटऱ्या, कोयते, जाळी घेऊन रात्री बाहेर पडतात. कोकणात या माशांची चव सांगताना माणसं थकत नाहीत. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती माशांना वाढायला वेळ मिळावा म्हणूनही. ओढ्यातला मासा राखायचा, तर तो ओढ्याकाठच्या माणसांनीच राखायला हवा.

त्या रात्री दोघे ओढ्याला गेले. थोरल्याने वाहत्या पाण्यातून एक मरळ हातानेच उचलली, बॅटरीच्या उजेडात तिचं पोट पाहिलं आणि वरच्या अंगाला खाचरात सोडून दिली.

"दादा, सोडलीस?"

"पोटात अंडी आहेत. तुला सांगितलं होतं की मी."

सांगितलं होतं. धाकटा सगळा जन्म त्या पाण्याजवळ राहिला होता आणि दर वर्षी चार लोकांबरोबर कोयता घेऊन तोही जात होता. थोरल्याने सांगितलेलं बाकी सगळं त्याच्या हातात टिकलं होतं, हे एवढं मात्र सुटलं होतं. त्याने कोयता कमरेला अडकवला. थोरला त्याला पुढे एक शब्दही बोलला नाही. तो चालत जाऊन लांबच्या बांधावर, पाठ करून बसला.

त्या पावसाळ्यापासून त्या दोन घरांत वलगणीचा मासा शिजलेला नाही.