धैर्य धरावे, अभय द्यावे

मनात एखादे स्वप्न बाळगून उंबरठ्यापाशी थबकलेल्या माणसाला आपण बहुधा एकच उपदेश करतो: भिऊ नकोस. उपदेश करणाऱ्याला त्यासाठी काही खर्चावे लागत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या हातीही फारसे काही लागत नाही. भीती ही केवळ मनाची दुर्बलता असती, तर इतक्या उपदेशांनंतर ती केव्हाच नाहीशी व्हायला हवी होती. ती होत नाही, कारण भीतीला बहुतेक वेळा काही आधार असतो. मिळवलेले जाईल, हसे होईल, परतीची वाट उरणार नाही, अशा शंका तिच्या पोटात दडलेल्या असतात. म्हणून भीतीला हिणवण्यापूर्वी ती कशाची राखण करीत आहे, हे विचारणे आम्हांला अधिक न्यायाचे वाटते.

या प्रश्नाची निम्मी उकल आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. मराठीत धैर्य 'धरतात', पण अभय 'देतात'. धैर्य हा एकट्याचा गुण आहे. अभयाला मात्र दुसरा माणूस लागतो. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. आपल्या देवमूर्तींचा उंचावलेला उजवा तळवाही समोरच्या भयभीताला हेच सांगत असतो. तेव्हा स्वप्नांच्या आड येणाऱ्या भयाचा विचार करताना दोन प्रश्न विचारायला हवेत. भिणाऱ्याने धैर्य धरले काय, हा पहिला. त्याला कोणी अभय दिले काय, हा दुसरा. आपण पहिला प्रश्न वारंवार विचारतो, दुसरा सहसा टाळतो.

बडोद्याच्या मराठी घरांना हा विषय परका नाही. आपले पूर्वज गायकवाडांच्या पाठोपाठ या मुलखात आले, ते घरदार मागे टाकून. त्या येण्यात साहस होते. पुढे संस्थानची चाकरी लाभली, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा वस्त्यांत घरे झाली, आणि साहसाची जागा हळूहळू सांभाळण्याने घेतली. महिन्याचा पगार, निवृत्तिवेतन आणि चार लोकांतली पत यांचे कवच तयार झाले. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, पण ते कवच मनातून गेले नाही. 'हातची नोकरी सोडू नये' हे वाक्य ऐकले नाही असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. ज्यांनी एकदा सर्व काही पणाला लावले, त्यांच्याच वंशजांना एवढे जपावेसे वाटावे, यात नवल नाही. गमावण्यासारखे काही असते तेथेच भय वस्तीला येते.

परंतु या शहराने भयाचा एक असा प्रसंग पाहिला आहे, की त्यापुढे आपली भीती तपासून पाहावी लागते. १९१३ साली भीमराव आंबेडकर महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची, असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. राहण्यास जागा कोठेही मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत खोटे पारशी नाव नोंदवून, अपुऱ्या उजेडाच्या कंदिलाशेजारी त्यांनी रात्री काढल्या. सरकारी बंगल्यासाठी केलेला त्यांचा अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले.

हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातील एका व्यक्तीकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. धर्मशाळा सोडण्यापूर्वी आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता. त्यांपैकी हिंदू मित्राला झाल्या प्रकाराची चीडही आली. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हे सारे नोंदवले आहे. हा मित्र दुष्ट नव्हता. तो केवळ भ्याला होता, आणि त्याची भीती आपल्या चांगल्या ओळखीची आहे: लोक काय म्हणतील, घर कसे चालेल, उगाच बभ्रा कशाला.

येथे दोन भये समोरासमोर उभी आहेत. एकाला काठीचे भय आहे, दुसऱ्याला गैरसोयीचे. एकाचा निवारा, नोकरी आणि आयुष्याची दिशा पणाला लागली आहे. दुसऱ्याचा चार दिवसांचा स्वयंपाक. पण लहान भयाची किंमत मोठे भय असलेल्याने चुकवली. नोकर खरोखरच गेले असते काय, हे त्या घराला कधीच कळले नाही. कारण दार उघडलेच गेले नाही. भयाची ही रीतच आहे. ते आपल्याला संभाव्य नुकसान दाखवते आणि दुसऱ्याचे होत असलेले नुकसान झाकून ठेवते. म्हणून आपल्या भीतीविषयी पहिला नैतिक प्रश्न आम्हांला असा वाटतो: हिची किंमत कोण चुकवतो आहे?

आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती परत आली. माणूस तोच, बुद्धी तीच. बदलली ती भोवतालची माणसे. जे भय एका गावी विरते आणि दुसऱ्या गावी अंगावर येते, ते रक्तातले म्हणता येत नाही. ते त्या गावच्या दारांत राहते. त्या दारांना हात न लावता भिणाऱ्याला मनोधैर्याचे पाठ देणे अपुरे आहे, काही वेळा अन्यायाचेही आहे.

अभय देणारेही याच काळात होते. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली. १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु न्यूयॉर्कपर्यंत पोहोचलेले महाराजांचे अभय बंगल्याच्या अर्जापर्यंत पोहोचले नाही. राजाचा हुकूम कचेरीपर्यंत जातो. घराचा उंबरठा घरातल्यांनीच मोकळा करावा लागतो. पुढे आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांना शाहू महाराजांचे साहाय्य लाभले, तसे नवल भथेना या पारशी मित्राचे कर्जही. काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि पैसे देणाराही पारशी होता. अभय देणे ही जातीची गोष्ट नसून माणसाने केलेली निवड आहे, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

आपल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचे उदाहरणही हेच सांगते. चित्रपटाच्या ध्यासापायी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो फाळक्यांच्या धैर्यामुळे, हे खरेच. पण आपले दागिने पुढे करणाऱ्या, घरचा पसारा सांभाळून चित्रपटाच्या कामाला हात लावणाऱ्या सरस्वतीबाईंनी दिलेले अभय वजा केले, तर त्या धैर्याचे काय झाले असते?

मग आपण काय करावे? आपल्या पुरते सांगायचे तर भीतीला नाव द्यावे. काय जाईल, किती जाईल, गेले तर पुन्हा मिळेल काय, हे कागदावर मांडावे. मोघम भय डोंगराएवढे असते; मोजलेले भय बहुधा घराएवढे निघते. जे खरोखर मोठे निघेल, त्याच्यासाठी थांबणे हा भित्रेपणा नव्हे. दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र आपले कर्तव्य याहून कडक आहे. घरातील मुलगी नोकरी सोडून काही वेगळे करू म्हणत असेल, तर 'भिऊ नकोस' म्हणण्याऐवजी 'दोन वर्षे घरखर्चाची काळजी करू नकोस, आणि जमले नाही तरी या घरातले तुझे पान मांडलेलेच राहील' असे म्हणावे. आणि वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारण्याची सवय अजून राहिली असेल, तर तो प्रश्न आपण कोणत्या भयापोटी विचारतो, हेही स्वतःला विचारावे.

सयाजीबागेतील ते पाच तास बडोद्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहेत. ते आंबेडकरांच्या धैर्याचे स्मारक आहेत, तसेच या शहराला देता न आलेल्या अभयाचेही. धैर्य त्यांनी धरले. उरलेले अर्धे काम आपले आहे.