पितळेचा सूर आणि रोजचा नेम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आमच्या गोरेगावात पोथ्या बाहेर निघतात. कोणी गुरुचरित्राचा सप्ताह धरतं, कोणी रोजचा एक अध्याय नेमाने पुढे चालवतं. याच दिवसांत एखादा तरुण मला गाठतो आणि विचारतो, "गुरुजी, रोज तेच ते करून माणूस खरंच बदलतो का? का नुसती जिभेला सवय लागते?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. नेम आणि सवय यांत फरक कोणता, आणि ज्या नेमाचं फळ दिसत नाही तो का चालवावा, हा जुना पेच आहे. मी शाळामास्तर, शास्त्री नव्हे. मला जे काही उमगलं ते शेजारच्या बँडवाल्याच्या ट्रॉम्बोनमुळे उमगलं. तेच इथे मांडतो.

ट्रॉम्बोन आपण वरातीत पाहिलेला असतो. लांब पितळी नळी, पुढे-मागे सरकणारी, आणि टोकाला धोत्र्याच्या फुलासारखं पसरट तोंड. ही पितळी वाद्यं आपल्याकडे पलटणींच्या बँडमधून आली. आमच्या हिंगोलीलाही निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पलटणींचे हे सूर पुढे देशभर लग्नाच्या वरातींत शिरले. युरोपात मात्र ट्रॉम्बोन कित्येक शतकं चर्चमधल्या भजन-गायनाची साथ करत होता. बेथोव्हेनने १८०८ साली आपल्या पाचव्या सिंफनीत शेवटच्या भागासाठी तो राखून ठेवला, तेव्हा सिंफनीत हे वाद्य अजून नवलाचं होतं. म्हणजे वरातीत वाजणारं हे वाद्य मूळचं देवाच्या दारातलं म्हणायला हरकत नाही.

त्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरते. सरकत्या नळीच्या सात जागा मानतात. एकेक जागा पुढे गेलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पण या सात जागांवर कुठेही खूण नाही. ना पडदा, ना पट्टी, ना भोक. पेटीची काळी चार दाबली की काळी चारच वाजते, वाजवणाऱ्याचं लक्ष असो वा नसो. ट्रॉम्बोनमध्ये तसं नाही. हात बोटभर चुकला की सूर चुकला. शिवाय एकाच जागेवर ओठांच्या ताणाने वेगवेगळे सूर निघतात. म्हणजे सूर वाद्यात ठेवलेला नसतो. तो हात, ओठ आणि कान मिळून प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागतो.

आमच्या गल्लीतला हा वादक माझा जुना विद्यार्थी. दिवसा शेतात रोजाने जातो, लग्नसराईत बँडबरोबर फिरतो. पहाटे बांधावर उभा राहून अर्धा तास वाजवतो. आधी नुसत्या माउथपीसमध्ये ओठ थरथरवतो. मग एकच सूर, श्वास पुरेल तोवर लांबवतो, न हलवता, न वाढवता. गवई पहाटे खर्ज भरतात तसंच हे. मग हात एकाच जागी ठेवून ओठांनीच खालून वर, वरून खाली. शेवटी सातही जागा एकामागून एक. अर्ध्या तासात गाणं एकही नाही. लोक वैतागतात, "अरे, एखादं तरी गाणं वाजव!" तो हसतो आणि पुन्हा तोच लांब सूर धरतो.

एकदा चातुर्मासात मीच त्याला म्हणालो, "अरे, आता लग्नं बंद. डीजे आल्यापासून सुपाऱ्याही कमी झाल्या. मग रोज हे कशाला?"

"गुरुजी, सुपारी येईल त्या दिवशी ओठ कुठून आणू? ओठ काही उसने मिळत न्हाईत."

"आणि सुपारी आलीच नाही तर?"

तो जरा थांबला. "तर न्हाई आली. पण आता खोटा सूर मला ऐकू येतो, गुरुजी. पहिलं येत नव्हता. ऐकू आल्यावर तो तसाच टाकून कसं बसावं?"

मला वाटतं, त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रोजच्या नेमाने आधी बदलतो तो कान. पहाटेच्या गारठ्यात पितळ थंड असतं आणि सूर उतरलेला लागतो. वाजवता वाजवता नळी तापते, सूर चढत जातो. म्हणून काल हात जिथे थांबला तिथेच आज थांबून भागत नाही. तेच ते वाटणारं काम रोज थोडं वेगळं असतं, पण ते ऐकणाऱ्यालाच कळतं. न ऐकता हजार वेळा वाजवलं तर चूकच पक्की होते. हीच सवय. ऐकत ऐकत दहा वेळा वाजवलं तर तो नेम.

आपल्या वाचनाला, जपाला हीच कसोटी लावून पाहावी. आपला नेम पेटीसारखा आहे की ट्रॉम्बोनसारखा? अध्याय वाचून उठल्यावर सुनेला, गड्याला किंवा दारी आलेल्याला आपण जो शब्द बोललो, तो बेसूर होता हे आपल्याला ऐकू आलं का? काल संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं आणि आज बोलता बोलताच कळलं, तर नेम फळला म्हणावं. बोलणं एकदम सुधारेल असं नाही. पण न ऐकू येणारी चूक सुधारायची कशी?

कोणी म्हणेल, गुरुजी, पण तो तर पैशासाठी वाजवतो. त्याची तालीम आणि भक्ताचा नेम एका पंगतीला कसे बसवता? याला उत्तर भागवताच्या एकादश स्कंधात आहे. अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गुंतला होता की जवळून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली. लक्षात घ्या, तो कारागीर त्या वेळी पूजा करत नव्हता. पोटाचा धंदा करत होता, आणि बाण विकलाही जाणार होता. तरी अवधूताने त्याला गुरू म्हटलं. त्याने मोबदला पाहिला नाही, लक्ष पाहिलं. म्हणून पालखीपुढे वाजवणाऱ्याला आपण प्रसादाच्या पंगतीत सगळ्यात शेवटी, तेही बाहेर बसवत असू, तर बेसूर कोण याचा विचार आपणच करावा.

आणखी एक गोष्ट त्या वादकाने मला शिकवली. ओठ सुजेपर्यंत तो वाजवत नाही. जेवढं वाजवायचं जवळपास तेवढंच मधे मधे थांबायचं, असा पितळी वाद्यांचा शिरस्ता आहे. ओठ हा नाजूक स्नायू. हट्टाने ताणला तर महिनोन्‌महिने वाया जातात. सुगीत, आजारपणात, तान्ह्या लेकराच्या रात्री ज्यांचा नेम तोकडा पडतो त्या आयाबायांनी मनाला लावून घेऊ नये. दहा ओळी वाचल्या आणि ऐकल्या, तर तो नेमच आहे.

शेवटी एक जुनी गोष्ट. श्रीरामकृष्णांचे वेदान्तातले गुरू तोतापुरी आपला पितळी लोटा रोज लखलखीत घासत. तुमच्यासारख्या सिद्धाला रोज ध्यान कशाला, असं विचारल्यावर त्यांनी लोट्याकडेच बोट दाखवलं. रोज घासला नाही तर हा काळा पडेल. त्यावर श्रीरामकृष्ण म्हणाले, लोटा सोन्याचा असेल तर? तो प्रश्न त्यांना शोभला. आपण मात्र पितळेची माणसं. त्यात कमीपणा नाही. सोनं घासावं लागत नाही हे खरं, पण सोन्याचा ट्रॉम्बोन काही मी कुठल्या वरातीत पाहिला नाही. सूर काढायला पितळच पुरतं. ते रोज हातात मात्र घ्यावं लागतं.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥