शेकोटीनंतरचे तास

उन्हाळी शिबिराच्या माहितीपत्रकात पहाटेचे सूर्यनमस्कार असतात, मग नाश्ता, मातीकाम, दुपारचे बैठे खेळ, उन्हं उतरली की दोरावरून उतरण्याचा सराव, रात्री आकाशदर्शन आणि शेवटी शेकोटी. शेकोटीनंतरच्या आठ-नऊ तासांबद्दल त्यात एक ओळही नसते. मूल खऱ्या अर्थाने घराबाहेर राहतं ते याच तासांत. दिवसा ते शाळेच्या निमित्तानं एरवीही बाहेरच असतं.

कॉलेजच्या काळात मी निवासी शिबिरांत ताई म्हणून काम केलं. आता मुलीला शिबिराला पाठवणारी आई म्हणून पलीकडच्या बाजूला उभी आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: निवासी शिबिर त्याच्या रात्रीवरून निवडावं. दिवसाचे उपक्रम थोडे कमी असले तरी मुलांचं फारसं काही बिघडत नाही. सुट्टीत ती काठी आणि चेंडू घेऊनही रमतात.

पहिल्या रात्री दिवे मालवले की कुणाला तहान लागते, मग कुणाचं तरी पोट दुखायला लागतं. हे पोटदुखणं खोटं नसतं. घरची आठवण पुष्कळ मुलांच्या पोटातच उतरते, आणि ओवा-पाणी देऊन शेजारी अर्धा तास बसणारी ताई असली तर ते थांबतं. दहा-अकरा वर्षांची मुलं मोठ्यानं रडत नाहीत, चादर डोक्यावरून ओढून घेतात. ते ज्याला कळतं तो चांगला दादा. कुणाचं अंथरूण पहाटे ओलं होतं. तेव्हा बाकीची मुलं उठायच्या आत, एक शब्दही न बोलता, चादर बदलून देणारं माणूस तिथे लागतं. एखाद्या मुलीची पहिली पाळी शिबिरात येते. ती तिनं कुणाला सांगायची, पॅड कुठे ठेवलेले आहेत, हे सगळ्या मुलींना पहिल्याच संध्याकाळी सांगितलेलं असेल तर ती घाबरत नाही. शौचालय लांब आणि वाटेत अंधार असेल, तर मुलं रात्रभर कळ सोसतात आणि संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करतात. मे महिन्यात पाणी कमी प्यायलेलं मूल दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून बसतं. दिवसाच्या कितीतरी तक्रारींची सुरुवात अशी आदल्या रात्री झालेली असते.

म्हणून पालकसभेत माझे प्रश्न रात्रीचे असतात. मुलं झोपतात त्या हॉलमध्ये कोण झोपतं? किती मुलांमागे किती दादा-ताई, आणि त्यांची वयं काय? अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उत्साही असतात, पण दिवसभर खेळ घेऊन ती मेल्यासारखी झोपतात. त्यांच्यासोबत जागं राहणारं एखादं पोक्त माणूस हवं. मुलींच्या हॉलमध्ये रात्रभर बाई हवी. कोणत्याही मोठ्या माणसानं एखाद्या मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही, असा नियम आहे का, आणि तो नव्या स्वयंसेवकांना कोण समजावून सांगतं? २०१२च्या पॉक्सो कायद्यानं मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांपर्यंत पोचवण्याचं बंधन घातलं आहे. हे आयोजकांना माहीत असायलाच हवं. प्रश्न ऐकून ते दुखावले, ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ एवढंच म्हणाले, तर मी तिथे नाव नोंदवत नाही. ज्यांनी यावर विचार केलेला असतो ते शांतपणे, तपशिलानं सांगतात.

सह्याद्रीच्या कुशीत किंवा कोकणात शिबिर असेल तर सापाचाही विचार करायचा. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. तिच्या दंशाला फारशी सूज नाही, वेदना नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत कळतही नाही. भिंतींच्या फटी बुजवलेल्या आहेत का, खाटा किंवा नीट खोचलेल्या मच्छरदाण्या आहेत का, प्रतिसर्पविष ठेवणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी व चालक तिथेच मुक्कामाला असतात का, एवढं विचारावं. १०८ला फोन लागायला मोबाइलला रेंज लागते आणि पुष्कळ निसर्गरम्य जागी ती नसते. साहसी खेळांसाठी महाराष्ट्र शासनानं २०२१मध्ये धोरण आणलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच नको.

आता घरातली तयारी. ती सॅक भरण्याच्या बरीच आधी सुरू होते. घरच्या आठवणीनं मुलं कशी हळवी होतात याचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर आणि बालरोगतज्ज्ञ एडवर्ड वॉल्टन यांनी २००७मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकन नियतकालिकात डॉक्टरांसाठी मार्गदर्शन लिहिलं. घराबाहेर राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला थोडीफार आठवण येतेच, हे त्यांनी आधी मान्य केलं. जाण्याच्या निर्णयात मुलाला सहभागी करा, आधी एखाद-दोन रात्री दुसरीकडे राहण्याचा सराव द्या, आणि ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येईन’ असा करार करू नका, असं ते सांगतात. हा शेवटचा सल्ला मला ताई असताना वारंवार पटला आहे. ज्या मुलाच्या खिशात असा शब्द असतो, ते पहिल्याच दुपारपासून फोन कधी मिळेल हे विचारत राहतं. खेळ अंगात भिनायला जो वेळ लागतो तो त्याला मिळतच नाही. त्याऐवजी ‘आठवण येईल, पहिल्या दोन रात्री जास्त येईल, तेव्हा ताईला सांग’ एवढं बोलावं. मूल खरोखर आजारी पडलं किंवा कुणाची भीती वाटल्याचं त्यानं सांगितलं, तर जायचंच. ते वेगळं.

सरावाच्या रात्री आपल्याकडे सहज मिळतात. आत्याकडे, मावशीकडे, वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी. मात्र शहरातल्या मुलांना आणखी काही शिकवावं लागतं आणि त्याची यादी कुठेच छापलेली नसते. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं. कमोडची सवय झालेलं मूल पहिले दोन दिवस जातच नाही, आणि मग त्याचं जेवण तुटतं. एका बादलीत अंघोळ उरकणं, तीही केस धुऊन. आपलं ताट राखेनं किंवा साबणानं घासून पालथं ठेवणं. वेणी स्वतः घालणं, निदान रबर लावून केस बांधणं. पांघरुणाची घडी. ओला टॉवेल सॅकमध्ये न कोंबणं. यातलं प्रत्येक काम एप्रिलमध्ये घरी हळूहळू मुलाच्या हाती सोपवता येतं. सॅकही त्यानंच भरावी. आपण शेजारी बसून यादी वाचावी. स्वतः भरलेल्या सॅकमध्ये टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे हे अंधारातही आठवतं.

मुलाचं दुखणं, औषध, अंथरूण ओलं होण्याची सवय, झोपेत चालणं हे आयोजकांपासून लपवू नये. लाजेपोटी पालक हे लिहीत नाहीत आणि मग त्याचा भार त्या मुलाला एकट्यानं वाहावा लागतो. दम्याचा पंप ज्याच्या हाती द्यायचा त्याला तो वापरून दाखवावा. आणि मूल ठामपणे ‘नको’ म्हणत असेल तर ऐकावं. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना मी निवासी शिबिराला पाठवणार नाही. सकाळी जाऊन दुपारी परतायचे छंदवर्ग त्यांच्यासाठी पुरेसे आहेत, आजोळ तर त्याहूनही चांगलं.

पालकांनाही रात्र काढावी लागते. हल्ली शिबिरातून रोज व्हॉट्सॲपवर फोटो येतात आणि आपण त्यांत आपलं मूल शोधत बसतो. तो चेहरा हसरा नसला की घर अस्वस्थ होतं. फोटो काढण्यात गुंतलेले दादा-ताई तेवढा वेळ मुलांपासून दूर असतात, म्हणून मला फोटो न पाठवणारी शिबिरं आवडतात. ‘सगळे ठीक आहेत’ असा रोज एक निरोप पुरे.

रात्रीबद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेजारी कोण झोपतं? शिबिर दुसरं काही देवो न देवो, आपल्या घरापेक्षा वेगळ्या घरातलं मूल सलग काही रात्री शेजारच्या सतरंजीवर असणं, ही देणगी शाळासुद्धा आता देत नाही. फीच्या हिशेबानं शाळा वेगळ्या झाल्या आहेत. १९०७च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी बेटावर जे पहिलं शिबिर घेतलं, त्यात सुमारे २० मुलं होती. त्यांतली काही उच्चभ्रू शाळांतली, काही जवळच्या गावांतल्या कामगार घरांतली. त्यांना मिसळून चार गट केले होते. श्रीमंत घरच्या मुलांना एक पौंड फी होती, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडेही १९४१मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलानं जातपात बाजूला ठेवून मुलांना एका पंगतीत, एका गटात आणायचं काम केलं. त्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्रात आज शिबिराच्या फीचा आकडा वाचून कितीतरी घरं पान उलटतात.

म्हणून पालकसभेत मी शेवटी विचारते की ही फी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी जागा ठेवल्या आहेत का. काही आयोजक ठेवतात, पण जाहीर करत नाहीत. काहींच्या मनात ते आलेलंच नसतं, आणि दोन-तीन पालकांनी मिळून एका मुलाचा खर्च उचलायची तयारी दाखवली की ते लगेच तयार होतात. ही फी कुणी भरली ते त्या मुलाला आणि गटातल्या कुणाला कळू नये, एवढी खबरदारी मात्र त्यांच्याकडून मागून घ्यावी. सॅक, बूट, टॉर्च, पांघरूण आणि गावाहून येण्याजाण्याचं भाडं हेही त्या खर्चात धरायला हवं. एरवी फी माफ झालेलं मूल बुटांअभावी घरीच राहतं.